घरभर 'पाठ सरळ'

नाही, पण तुम्हीच सांगा, स्वतःच्या घरात स्वतःच्या बादलीला हात लावायची चोरी व्हावी, याला काय म्हणायचं? सकाळी आमच्या चाळीत पाणी येतं ते जेमतेम तासभर, त्यात धुणं, भांडी, पिंप, सगळं उरकायचं, मी आपली घाईघाईत नळाखालची बादली उचलते, आणि मागनं आवाज... "आई, पाठ सरळ!" मी दचकते, अर्धी बादली माझ्या पायावर. "कमरेतून नाही गं, गुडघ्यातून वाक! बादली अंगाजवळ घे! आणि श्वास कोंडू नकोस!" अगं भवाने, म्हटलं, लग्न होऊन या घाटकोपरात आले तेव्हापासून बादल्या उचलतेय मी, तू तेव्हा जन्माला तरी आली होतीस का? तर म्हणते कशी, "म्हणूनच तुझी कंबर दुखते." झालं! आणि आतून आमच्या सासूबाई, "खरां सांगता तां चेडू!" म्हणजे मुलगी शिकवणार, सासू साक्ष देणार, नवरा पेपराच्या आडून खुदूखुदू हसणार, आणि मधल्यामध्ये मी!

आता तुम्ही म्हणाल, हे कुठनं आलं? सांगते ना. तुम्हाला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं, घरी ऐकून घेणारं कोण आहे?

आमची मीरा. एकुलती एक. बारावं सरलंय. अंगानं म्हणाल तर शेवग्याची शेंग, पण पायात भिंगरी. कबड्डी खेळते. आमच्या भटवाडीतल्या मंडळाचा मुलींचा संघ आहे, त्यात. आणि हे वेड काही माझ्या माहेरचं नाही बरं का, हे वेड तिच्या बापाचं! मीराचे बाबा गिरणीत होते तेव्हा गिरणीच्या संघातून खेळायचे. मग तो संप झाला, गिरणी गेली, संघ गेला, दीडदोन वर्षं नुसते गॅलरीत बसून असायचे, काय दिवस काढले आम्ही ते आमचं आम्हाला माहीत... मग इकडे मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले. पण कबड्डी काही अंगातनं गेली नाही हो. जेवताना आमटीची वाटी पुढे ओढायची ना, तरी यांचा हात असा, चढाईला गेल्यासारखा, सुर्र्कन पुढे आणि सुर्र्कन मागे!

तर गेल्या दिवाळीनंतर जोगेश्वरीला सामने होते. आम्ही सगळे गेलो, सासूबाईसुद्धा, डबा घेऊन. मीरा चढाईला गेली, "कबड्डी कबड्डी कबड्डी", आणि समोरच्या संघात एक मुलगी होती, मथुरा नावाची, कोळ्यांची, वय हिच्याएवढंच पण खांदे असे की बघत राहावं. तिनं आमच्या मीराला कमरेला धरलं, उचललं... कशी? मेथीची जुडी उचलतो ना आपण, तशी! आणि रेषेबाहेर ठेवली. ठेवली हो! आपटली असती तर पोरीला एवढं लागलं नसतं. अलगद ठेवली, वर फ्रॉकची धूळसुद्धा झटकली तिनं. सगळं मैदान हसलं.

मीरा रडली नाही. घरी आली, हात-पाय धुतले, बापासमोर जाऊन उभी राहिली, म्हणाली, "बाबा, मला ताकद पाहिजे."

बस्स! आता 'मला कंपासपेटी पाहिजे' म्हणाली असती तर कोणी लक्ष दिलं असतं का? ताकद म्हटल्यावर सगळी चाळ आली सल्ले द्यायला. सासूबाई म्हणाल्या, "नाचण्याची पेज दी तिका." हे म्हणाले, अंडी. शेजारची शकु तर पोळ्या लाटता लाटता लाटणं घेऊनच आली. "अगं नलू, मुलीच्या जातीला ताकद कशाला? माझ्या मावसबहिणीच्या नणंदेच्या मुलीनं ते डंबेल्स की काय ते केलं, तिचा आवाज बसला, उंची खुंटली, मिशा फुटल्या!" म्हटलं, तू बघितल्यास मिशा? तर म्हणे, "मी नाही बघितल्या, पण म्हणतात ना." आणि सासूबाईंनी तेवढंच धरलं. "चेडवाची उंची रवली तर लगीन कोण करतलो हिच्याशी?" मुलीचं वय बारा! पण लग्न अडलं. अडवलं कोणी? अजून न उचललेल्या वजनानं. आणि हे सगळं ऐकत मधल्यामध्ये मी, तव्यावर भाकरी करपतेय तिकडे.

आता हिच्या शाळेत त्याच वर्षी पी.टी.ला नवीन बाई आल्या होत्या, सुलक्षणाबाई. केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि अंगात ट्रॅकसूट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी मुलीचा भाऊ न्यायला आलाय! पण बोलायला गोड हो. घाई म्हणून नाही. त्यांनी शाळा सुटल्यावर कबड्डीच्या मुलींसाठी ताकदीचा वर्ग सुरू केला. एक दिवसाआड. रोज का नाही? तर म्हणे, "अंग विश्रांतीत वाढतं, आई." घ्या! आमच्या मीराचे बाबा गिरणी बंद असताना दीड वर्ष विश्रांतीत होते, वाढलं काही? पोट वाढलं.

पहिल्या दिवशी मीरा घरी आली, हे दारातच उभे. "काय, किती वजन उचललं?"

"काठी."

"काय?"

"काठी, बाबा. झाडूची."

मला हसू आवरेना. झाडू कोणाचा ते कळेपर्यंत! जळमटं काढायचा माझा लांब झाडू, दाराआड असतो, बघते तर नुसता बुडखा. काठी गेली व्यायामाला! म्हटलं, मीरा, ही काय रीत? तर ती काठी डोक्यावर धरून मला बैठक मारून दाखवते, "बघ आई, टाच उचलायची नाही, गुडघा आत पडू द्यायचा नाही, पाठ सरळ." तेव्हापासून जी 'पाठ सरळ' आमच्या घरात शिरली!

आणि नुसतीच काठी हो! एक आठवडा काठी, दोन आठवडे काठी. जोर काढायचे तेही जमिनीवर नाही, भिंतीला हात टेकून. जमलं की मग बाकावर हात टेकून. मग कुठे जमिनीवर. दांड्याला नुसतं लोंबकळायचं. वाळूची एवढीशी पिशवी पोटाशी धरून चालायचं. एखादी पोरगी म्हणाली, बाई मी त्या दुसरीपेक्षा जास्त उचलते, की बाई म्हणायच्या, "इथे शर्यत नाही. जिचं वळण चुकलं तिची पिशवी खाली." आणि एक प्रश्न सारखा, दर मुलीला, "दुखतंय की दमलीस?" दमलीस तर थोडं थांब, पुन्हा कर. दुखतंय तर बंद, ताबडतोब, आणि मला सांग. मुलींना हा फरकच माहीत नसतो, म्हणायच्या, तो आधी शिकवते.

हे मला पटलं बरं का. पण आमच्या घरात मला पटून काय होतंय? मीराचे बाबा रात्रंदिवस धुमसतायत. "काठीनं काय होतं? ती जोगेश्वरीची मुलगी काय काठी आहे?" पुढचे सामने महिन्यावर आलेले. आणि एवढ्यात यांना भेटले धोंडिराम!

धोंडिराम म्हणजे यांचे गिरणीतले जुने दोस्त. साताऱ्याकडचे. मागे टेकडीवर त्यांची व्यायामशाळा आहे, पत्र्याची. छाती एवढी की लग्नाच्या फोटोतसुद्धा वरचं बटण उघडं. माणूस सोन्यासारखा हो, खोटं नाही बोलणार, संपात आमच्या घरात चूल पेटत नव्हती तेव्हा हा माणूस ज्वारीचं पोतं खांद्यावर टाकून आला होता, दारात ठेवून निघून गेला, चहालाही थांबला नाही. मुलगी नाही त्यांना, मीरावर जीव. पण अक्कल म्हणाल तर लोखंडाची. "वहिनी, काठीनं अंग व्हत न्हाय! लोखंड लागतंय, लोखंड! मी हिच्याएवढा हुतो तवा बैलगाडीचं चाक उचलायचो!" आणि हे मान डोलावतायत, जणू चाक यांनीच लावून ठेवलं होतं.

एका रविवारी सकाळी बापलेक निघाले. मला म्हणाले, जरा फिरून येतो. मला वाटलं, आणायचे असतील पेरू-बिरू. मी तिथे नव्हते, पण नंतर इतक्या तोंडांनी ऐकलंय की मला तोंडपाठ आहे. व्यायामशाळेत सगळी पोरं जमलेली, धोंडिरामांनी लोखंडी दांड्याला दोन्ही बाजूंना चकत्या चढवल्या, "फार न्हाय रं, किरकोळ हाय!" यांचं किरकोळ! मीरा म्हणाली, "बाबा, बाईंनी अजून सांगितलं नाही." हे म्हणाले, "बाईंना कोण सांगायला जातंय? एकदाच. फक्त एकदा." पोरं ओरडतायत, "मीरा! मीरा!" तिनं बापाच्या तोंडाकडे बघितलं. आता तुम्हाला काय सांगू... गिरणी गेल्यापासून तेवढं उजळलेलं तोंड तिनं बघितलंच नव्हतं हो. त्या तोंडाकडे बघून तिनं उचललं. ताकदीनं नाही.

गुडघ्यापर्यंत आलं, आणि पाठ अशी वाकडी झाली, आणि पोरगी किंचाळली.

दांडा खाली पडला, एका बाजूची चकती निसटली, आणि दारातनं बाहेर! आमची भटवाडी कशी, सगळा उतार! ती चकती जी सुटली, खणखणखण, मागनं व्यायामशाळेची दोन पोरं लंगोटावर धावतायत, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" एक कोंबडी वाचली, एक दूधवाला वाचला, आणि चकती थेट रॉकेलच्या रांगेत! सगळी रांग विस्कटली, आणि कोणाचा नंबर कुठे यावरून जी भांडणं लागली ती म्हणे दुपारपर्यंत. शकु त्या रांगेत होती. तिनं मला खालून हाका मारून सांगितलं, "नलू, तुझ्या मीराचं वजन खाली आलं गं!" मी गॅलरीत धावले, आणि बघते तर उतारावरून धोंडिराम येतायत, मीरा दोन्ही हातांवर आडवी, एवढा मोठा गडी घळाघळा रडतोय, आणि मागनं हे, एक चप्पल पायात, एक हातात, चेहरा पांढराफटक.

आता हसताय तुम्ही, मी नाही हसले त्या दिवशी.

डॉक्टरांनी सगळं चाचपून बघितलं, पाय हलवून बघितले, बोटं हलवायला लावली. म्हणाले, "हाडाला काही नाही. स्नायू ओढला गेलाय. नशीब. पंधरा दिवस सांभाळा, पडून राहायचं नाही, हळूहळू चालायचं, आणि मग ज्यांना कळतं त्यांच्या हाताखालीच व्यायाम." नशीब, म्हणाले!

घरी आलो. सासूबाईंनी निकाल दिला. "आजपासून कबड्डी बंद. काठी बंद. सगळां बंद." हे जेवलेच नाहीत. कोपऱ्यात बसून राहिले, मीराच्या पाठीवर शेक द्यायला उठले की उठले, नाहीतर बसून. मीरा भिंतीकडे तोंड करून पडलेली. सगळ्यांना वाटलं, दुखतंय म्हणून. मी जवळ गेले तर हळूच म्हणते, "आई, बाबांना ओरडू नका. आणि बाईंचं नाव नका घेऊ. त्यांनी शिकवलं तसं उचललं असतं तर मी ते उचललंच नसतं." आता या वाक्याचा राग कोणावर काढायचा, सांगा मला! बापावर काढायचा तर तो आधीच मेल्यासारखा, सासूवर काढायचा तर ती काळजीनंच बोलतेय, मुलीवर काढायचा तर ती सगळ्यांचीच वकिली करतेय, आणि मधल्यामध्ये मी, हातात शेकाची पिशवी घेऊन!

मग मी काढला बाईंवर. कोणावर तरी काढायला नको? सोमवारी तरातरा शाळेत गेले. म्हटलं, तुमच्या या ताकदीपायी माझी मुलगी झोपलीय. मला वाटलं, बाई उलट बोलतील, मी सांगितलंच नव्हतं वगैरे. तर त्यांनी आधी विचारलं, "पायात मुंग्या येतायत का तिच्या?" म्हटलं, नाही. "चालते?" म्हटलं, हो. मग बाकावर बसल्या, शिट्टी हातात घट्ट धरून, आणि डोळे पुसले. गेले होते भांडायला, आले त्यांना पाणी देऊन.

संध्याकाळी बाई आमच्या घरी. सासूबाई दारातच, देवळातल्या द्वारपालासारख्या. "काय होया?"

"आजी, मीराला बघायला आलेय."

"बघा आणि जावा. कबड्डी बंद आसा."

बाई खाली बसल्या, सतरंजीवर, सासूबाईंसमोर. "बंद करा आजी. पण एक सांगते. ती कबड्डी खेळणारच. आज नाही तर उद्या, तुमच्या नकळत. पडणारच. तेव्हा अंगाला सावरायला बळ नसलं तर हाड मोडेल."

"आणि उंची रवली तर?"

"बैठकांनी उंची थांबत नाही आजी. वाढत्या अंगावर एकदम अवजड लादलं, नीट उचलायला शिकवलं नाही, बघायला कोणी नसलं, तर इजा होते. काल तेच झालं." कोपऱ्यात हे आणखी लहान झाले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही हो, मुद्दाम. मोठं मन.

सासूबाई म्हणाल्या, "आणि तू नीट बघतलंस ह्याचो भरवसो काय?"

बाई म्हणाल्या, "भरवसा ठेवू नका. तुम्ही स्वतः येऊन बसा."

बाईंना वाटलं असेल, म्हातारी एक दिवस येईल. बाई नवीन होत्या ना, त्यांना आमच्या सासूबाई, अंजनाबाई, माहीत नव्हत्या!

दुसऱ्याच आठवड्यापासून सासूबाई ग्राउंडवर. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आमच्या मोरीतलं स्टूल. आता अंघोळीला मी बसू कशावर? पण विचारतंय कोण! ग्राउंडच्या मधोमध स्टूल, त्यावर सासूबाई, उन्हातही छत्री, संध्याकाळीही छत्री. मीराला बाईंनी आधी नुसतं चालवलं. मग पाठीवर झोपून एकेक पाय. मग पुन्हा काठी, अगदी पहिल्यापासून. सासूबाईंची नजर अशी की बाईंच्या शिट्टीआधी यांचा आवाज, "वाकलंस गो! परत कर!" चार दिवसांत सगळ्या मुली बाईंना कमी आणि आजींना जास्त घाबरायला लागल्या. एखादी तोंड वाकडं करायची अवकाश, छत्री उचलून, "काय गो, दुखता काय दमलंस?" मुलगी घाबरून, "दमलेय आजी, दमलेय!" "मगे बस जरा. पाणी पी." आणि घरी येऊन मला सांगणार, "नलिनी, ता देसायाचां चेडू डाव्या पायावर कमी भार टाकता. बाईक सांगलंय मी." यांना आधी घरातली सून डावी की उजवी हेही माहीत नव्हतं!

मग एके दिवशी धोंडिराम आले. फाटकाबाहेर उभे, हात जोडून. एवढा मोठा माणूस, आणि शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा उभा. मीराचे बाबा त्यांच्या मागे लपलेले, लपायला जागा भरपूर होती. बाई गेल्या फाटकाशी. धोंडिराम म्हणाले, "बाई, माजं चुकलं. पोर मोडली असती माज्या हातनं." बाईंना वाटलं असतं तर चार शब्द सुनावता आले असते. त्या म्हणाल्या, "तुम्हाला शिकवता येतं, मुलं तुमचं ऐकतात. तुमच्याकडे लहान, हलके डंबेल्स आहेत का?"

"लहान? आमच्याकडं लहान काय नसतंय बाई!"

"मग करून घ्या."

आणि माणसानं सुताराकडून करून घेतले हो! लाकडाचे, पोरींच्या हाताएवढे, पॉलिश मारून, प्रत्येकावर नाव रंगवून, मीरा, अमुक, तमुक. बाई म्हणाल्या, आता तुम्हीही काठी धरा, म्हणजे तुम्हाला शिकवता येईल. धोंडिराम मोठ्या तोऱ्यात काठी धरून बैठकीत गेले, आणि छत्री वर! "मेल्या, टाच उचलली तुझी!" धोंडिरामांनी खाली बघितलं. उचलली होती हो टाच! आयुष्यभर उचललेली टाच, कोणाची हिंमत झाली नव्हती सांगायची. त्यांच्या शेजारी आमचे हे, काठी धरून, घामाघूम. गिरणी गेल्यापासून पहिल्यांदा या माणसाला कामावरून आल्यावर गॅलरीत न बसता कुठेतरी जायचं होतं. रात्री पाय दाबत बसायचे, स्वतःचेच, आणि शीळ घालायचे.

अहो, महिन्यावरचे सामने गेले. बाई म्हणाल्या, यंदा नाही. मीरानं डबा भरून दिला दुसऱ्या मुलींना आणि बाहेर बसून टाळ्या वाजवल्या. उन्हाळ्यात मुलुंडला दुसरे सामने लागले, तेव्हा बाईंनी तिला उतरवलं. डॉक्टरांना विचारून, आणि आजींना विचारून. आजींना आधी!

आणि समोर कोण? जोगेश्वरी. आणि मधोमध कोण? मथुरा! खांदे आणखी रुंद झालेले. हे माझ्या एका बाजूला, धोंडिराम दुसऱ्या बाजूला, दोघांनी माझे दोन्ही हात धरलेले, कोणाला कोणाचा आधार काही कळेना. सासूबाई रेषेला लागून स्टुलावर.

मीरा गेली चढाईला. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." एकीला हात लावला, वळली, आणि मथुरानं कमरेला धरलं. तीच पकड! मी डोळे मिटले. मग धोंडिराम ओरडले, "बसली! बसली! खाली बसली!" डोळे उघडते तर मीरा अशी खाली, पाय रोवून, आणि मथुराला काही ती उचलेना. मथुरा ओढतेय, ही एकेक पाऊल मध्यरेषेकडे सरकतेय, "कबड्डी कबड्डी" चालूच, आणखी दोघी अंगावर पडल्या, सगळ्या कोसळल्या, धूळ... काही दिसेना. शिट्टी. सगळं मैदान शांत.

आणि त्या शांततेत आमच्या सासूबाई उठल्या, छत्री घेऊन सरळ मैदानात! पंच म्हणतोय, "आजी, आत यायचं नाही, आजी!" ऐकतंय कोण! त्या ढिगाऱ्यावर वाकून, अख्ख्या मुलुंडला ऐकू जाईल अशा आवाजात, "मीरा! दुखता काय दमलंस?"

आणि ढिगाऱ्याखालून आवाज आला, "दमलंय गो आजी!"

पोरी बाजूला झाल्या. मीराचा हात रेषेच्या पलीकडे. चार बोटं, पण पलीकडे! गुण मिळाला. मी बघितलं तर हे डोळे चोळतायत. म्हटलं, काय झालं? म्हणे, धूळ गेली. म्हटलं, असेल, धूळ. धोंडिरामांच्याही डोळ्यांत गेली होती. खूप धूळ होती त्या दिवशी, माझ्याही गेली.

सामना? हरलो! हरलो हो आम्ही, थोडक्यात. पण सामना संपल्यावर ती मथुरा आली, मीराचा दंड चाचपला, म्हणाली, "तवा तर तू हलकी होतीस गं! काय उचलतेस?" मीरा म्हणाली, "काठी." मथुराला वाटलं, ही लपवतेय. रुसलीच ती. मग मीरानं तिला तिथल्या तिथे बैठक करून दाखवली, तर मथुरा सांगते, घरी मासळीच्या टोपल्या उचलते, खांदा दुखतो कधी कधी. दुखतो म्हटल्याबरोबर आमच्या सासूबाईंनी तिला जवळ ओढली! अर्धा तास दुसऱ्या संघाची मुलगी आमच्या सासूच्या ताब्यात. तिचे सर शोधतायत तिला. आणि मीराला उपनगरच्या संघाच्या निवड चाचणीला बोलावलंय. निवड झाली नाही अजून, उगाच पेढे मागू नका.

तर असं सगळं छान चाललंय. झकास चाललंय. फक्त माझी वाट लागलीय! संध्याकाळ झाली की घरात कोणी नाही. मीरा ग्राउंडवर, सासूबाई ग्राउंडवर, हे कामावरून परस्पर ग्राउंडवर, धोंडिरामांनी व्यायामशाळेत लहान मुलांचा वर्ग काढलाय, तिकडे शकुचे दोन्ही मुलगे, ती त्यांना बघायला तिकडे. बोलायचं कोणाशी? पिंपाशी? परवा बाई भेटल्या, मी म्हटलं, बाई, तुम्ही माझं घर ओस पाडलंत. हसल्या. म्हणाल्या, "मग तुम्हीही या ना नलिनीवहिनी. शनिवारपासून आयांचा वर्ग सुरू करतेय." म्हटलं, छे हो, मला कुठला वेळ, माझं वय काय, आणि लोक काय म्हणतील... मागनं सासूबाई, "नाव घातलंय मी तिचां."

काल शनिवार होता. पहिला दिवस. बाई म्हणाल्या, घाई नाही, जमेल तेवढंच करा. पण शेजारी शकु करत होती ना! ती करणार आणि मी थांबणार? बैठका घातल्या मी, शकु थांबेपर्यंत. बाई ओरडत होत्या, "वहिनी, इथे शर्यत नाही!" पण शकु थांबली आधी, हे लिहून ठेवा.

आणि आता मघापासून तुम्ही खुर्ची पुढे करताय, "बसा हो नलिनीवहिनी, किती वेळ उभ्या राहणार, बसा..." अहो, बसायला कोणाला नको झालंय? पण बसले तर मला उठवायला येणार कोण? सगळे ग्राउंडवर आहेत!